बेचाळीसचा पंखा

डेकाटे काका अजनी लोको शेडमधून रिटायर झाले
तेव्हा त्यांना एक घड्याळ मिळालं आणि एक शाल.
घड्याळ भाच्याला दिलं.
शाल बोटीखाली अंथरतात,
तिचा तळ खरचटू नये म्हणून.

माझं दुकान गोळीबार चौकाच्या आत, कूलरचं.
मार्च ते जून मान वर करायला फुरसत नाही,
मग आठ महिने लोक मला विसरून जातात.
त्या आठ महिन्यांत काका येतात,
हातभर बोट काखेत धरून:
"मंदा, टाकी भर."

टिनाची जुनी टाकी, कडांना गंज.
तिच्यात बोट दोरीनं बांधायची,
वायरीवर मीटर लावायचा,
एकेक पंखा बदलून पाहायचा.
छत्तीस मिलिमीटरचा, प्लास्टिकचा: अठ्ठावीस ॲम्पियर.
चाळीसचा: त्रेचाळीस.
मी म्हटलं, चारच मिलिमीटर तर वाढले!
"गव्हाचा दाणा असते तेवढा," काका म्हणाले,
"पण पाण्याले विचार."

मला पंखे कळतात, पण हवेतले.
हवा सोसून घेते, बाजूला होते.
पाणी प्रत्येक पात्याचा हिशेब मागतं.

मग त्यांनी रुमालातून काढला बेचाळीसचा,
पितळी, तीन पात्यांचा,
रात्र रात्र कानशीनं घासलेला,
सुईवर तोलून एका बाजूला न झुकणारा.
दुकानातल्या बल्बखाली तो असा चमकला
की मीच म्हटलं, हाच लावा.
मीटर अठ्ठावन्नवर थांबला,
मग एकोणसाठ.
कंट्रोलरवर छापलं होतं साठ.
"होते न साठात," काका म्हणाले.

मी बोलले नाही.
बोलायला हवं होतं.
साठची वायर कुणी साठवर चालवत नाही,
जळक्या वाइंडिंगचा वास माझ्या ओढणीतून
धुण्यानंही जात नाही,
आणि मी गप्प.

रविवारी सकाळी अंबाझरी. नोव्हेंबर.
बोट सुटली ती पाण्याला टेकलीच नाही म्हणा,
मागे पांढरी शेपटी,
फिरायला आलेले दोघे-तिघे थांबले.
दोन फेऱ्या.
तिसऱ्या फेरीत जलपर्णीची एक मुळी पात्यात गेली,
आणि झाकणाच्या फटीतून
उदबत्तीएवढा धूर.

ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या एका ढिवरानं
बोट ओढून आणली, हुंगली,
"काय भाजून राहिले बा काका?"

बर्डीच्या दुकानात दोन कंट्रोलर समोर ठेवले.
साठचा, एकोणीसशेचा, परत तोच.
नव्वदचा, अडतीसशेचा,
अंगातून पाणी फिरवायच्या दोन नळ्या असलेला.
काकांनी पेन्शनचं पासबुक नुसतं खिशावरून चाचपलं.
मी सांगितलं,
कंट्रोलर आपणहून काही देत नाही, काका.
मागतो तो पंखा.
जेवढं मागेल तेवढं याच्यातून जातं,
झेपो न झेपो.

बोलता बोलता मला मे महिना आठवला.
सेहेचाळीस अंश, दुकानापुढे वीस कूलर,
घरी सासऱ्यांचं पथ्य, पोराचा क्लास.
माझ्यावर कुणी आकडा छापला नव्हता.
म्हणून जळाले तरी कुणाला कळलं नसतं.

हे मात्र काकांना सांगितलं नाही.
"नव्वदचा घ्या," म्हटलं, "आणि पंखा चाळीसचा."
काकांनी मान हलवली, मनाविरुद्ध.

आता फेरी झाली की ते झाकण उघडतात,
कंट्रोलरवर बोट ठेवतात आणि मोजतात.
दहापर्यंत बोट ठेवता आलं तर ठीक.
परवा वीसपर्यंत मोजलं.

बेचाळीसचा माझ्या दुकानात खिळ्याला टांगलाय.
गिऱ्हाईक विचारतात, कोणत्या कूलरचा हा?
काका आले की पहिली नजर त्याच्यावर.

काल म्हणाले, "नव्वदात बसते न हा?"
"बसते."
"मंग?"
"मंग मोटर जळन."
"तू हायेस न बांधाले."

मी पाइप ओढला
आणि टाकी भरायला लावली.