डब्ल्यू म्हणजे हिवाळा

डब्यावरच्या डब्ल्यूचा अर्थ
मी काउंटरवर दिवसातून चारदा सांगते,
आणि मे महिन्यात गिऱ्हाईक चारदा हसतं.
बाहेर गोळीबार चौकात डांबर चपलेला चिकटतंय,
कूलरच्या टाकीतलं पाणीही चहासारखं,
आणि ही बाई म्हणते हिवाळा.

पण मी इथला डिसेंबरही ऐकलाय.
पावणेसहा, पारा आठावर,
आमच्या शटरसमोर गेडामकाकांची शाळेची व्हॅन.
किल्ली फिरते. इंजिन कोरड्या घशानं खाकरतं.
त्या दोन-चार सेकंदांत लोखंड जेवढं झिजतं
तेवढं मग तासभर पळूनही झिजत नाही.
तेल तळाशी झोपलेलं असतं.
जाडं असेल तर उठायला आणखी वेळ.

प्रीतेश गेडामला हे सांगून उपयोग नव्हता.
तो बुटीबोरीकडच्या मोकळ्या मैदानात
चुन्यानं आखलेल्या वळणांवर
जुनी झेन पळवतो,
एक फेरी, एक मिनिट अकरा सेकंद.
त्याला मीच दिलं होतं दहा-डब्ल्यू-साठ, फुल सिंथेटिक,
एकशे तीस अंशांवरही
बेअरिंगला एकटं न सोडणारं.
त्यात जस्त जास्त, मळ धुणारं कमी.
धुवायचं कशाला?
दोन शर्यती झाल्या की ओतूनच टाकायचं.

सोमवारी तो उरलेला डबा घेऊन आला.
दीड लिटर, झाकणाला सुतळी.
"ताई, बाबाच्या गाडीत टाकून दे.
महागातलं आहे. त्यांनाही एकदा..."
पुढचं वाक्य त्यानं डब्याच्या लेबलवर शोधलं.
ते तेल कोणाच्या फीच्या पैशातून आलं होतं
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी काही बोलले नाही.
व्हॅनची पट्टी ओढली,
एक थेंब जुन्या वर्तमानपत्रावर,
पाणीकपातीच्या बातमीवर सोडला.
मधोमध काळा ठिपका. पसरलाच नाही.
"दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर.
मागचं सील आता रबरानं नाही,
मळानं धरून ठेवलंय.
तुझं तेल तो मळ उचलणार नाही,
आणि थंडीत वर चढणारही नाही वेळेवर."
"म्हणजे माझं तेल खराब?"
"खराब नाही बे. त्याला सकाळ माहीत नाही."

"मग त्यांना साधंच?"
साधं काहून म्हणतोस, म्हटलं.
मानेवाडा, अयोध्यानगर, सक्करदरा,
एकोणीस दारं, एकोणीस हॉर्न,
कुणाची बाटली राहिली, कुणाचा एक बूट,
आणि इंजिन तिथल्या तिथे तापत उभं.
तुझी फेरी अकरा सेकंदांवर संपते रे,
त्यांची संपते कुठे?

आधी सील बदललं.
मग दहा-डब्ल्यू-तीस, तेही सिंथेटिकच,
पण रोजच्या गाडीचं,
मळ हळूहळू उचलून पोटात धरून ठेवणारं.
हजार किलोमीटरवर परत ये, म्हणून
मी दारावर खडूनं आकडा लिहिला.
पैसे प्रीतेशनं दिले, दोन हप्त्यांत.

संध्याकाळी काका आले.
रॅकवरचा डबा त्यांनी खाली घेतला,
थेंबभर तेल बोटावर,
अंगठ्यानं चोळत राहिले,
नाडी पाहावी तसं.
"पोराचं?"
"हाव."
"पातळ नाई होत?"
"नाई होत."
मान हलवली. मग चिंधी मागितली.
व्हॅनच्या सरकत्या दाराची पट्टी,
जी सात वर्षं कोकलत होती,
तिला त्यांनी वरपासून खालपर्यंत तेल लावलं,
दार एकदा ओढलं, पुन्हा ओढलं,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"पहिल्यात आला ना तो?"
आणि तिसऱ्यांदा ओढलं.