डोक्यांचा हिशेब

तुतीची झाडं उपटून गावानं सफरचंदं लावली,
त्या वर्षी मी उएदाच्या प्रयोगशाळेत लागले.
काम सोपं. गोठवलेले रेशमी पतंग, एक ब्लेड,
डावीकडे डोकी, उजवीकडे बाकीचं.
दिवसाला अकराशे. हात बसल्यावर चौदाशे.
संध्याकाळी वहीत आकडा, पुढे सही: किनुए.

कुवाबारा सर म्हणायचे, त्या डोक्यात मेंदू,
खसखशीच्या दाण्याहून लहान,
आणि मेंदूत एक निरोप.
छातीतल्या ग्रंथीला तो पोचतो,
ती आपला रस सोडते,
आणि अळी जुन्या कातडीत मावेनाशी होते.
मेंदूमागे आणखी दोन टिकल्या.
त्यांचा रस उलटं सांगतो: राहा अजून लहान, खा.
तो आटला, की मगच पुढचं.

मी मान हलवली.
आमच्या माळ्यावर आई कंदील झाकून म्हणायची,
हळू चाला, बाईसाहेब निजल्यात.
चार निजा, चार काती.
कुणाच्या हुकमानं, हे तिनं कधी विचारलं नाही.
पानं कुरतडण्याचा आवाज थांबला, की तिला कळायचं.

मग सरांनी मला दोरा दिला. रेशमाचाच.
शेवटच्या वयातल्या अळीला डोक्यामागे गच्च गाठ.
सकाळी बांधलेल्या अळ्या गाठीमागे अळ्याच राहिल्या,
मऊ, पांढऱ्या, दिवसचे दिवस.
रात्री बांधलेल्यांची पाठ तांबूस झाली, टणक झाली,
कोशावाचून उघड्यावरच प्युपा झाला.
निरोप मधल्या वेळात गाठीपलीकडे गेला होता.
सरांना हवे होते तास आणि मिनिटं.
मला भलतंच आठवलं.
तेराव्या वर्षी एका सकाळी
आईनं काही न बोलता लाल अझुकीचा भात रांधला.
वडील जेवले, भाऊ जेवला, त्यानं दोनदा घेतला.
मी वाडग्यात बघत बसले.
आदल्याच दिवशी तुतीवरून उडी मारताना
गुडघा फुटला होता, त्याची खपली अजून ओली.

एकतीस नंबरच्या बरणीत एक प्युपा होता,
मेंदू काढलेला.
मेला नाही. वाढलाही नाही.
बोट लावलं की शेपटाकडून हलायचा.
त्याच्या बरोबरीचे पतंग झाले, अंडी घालून झडले,
चिकुमा नदीच्या काठाला बर्फ धरला,
हा तसाच.
खरं सांगते, मला त्याचा हेवा वाटायचा.
एखाद्या दिवशी रागही.

फेब्रुवारीत सरांनी दुसऱ्या कुणाचा मेंदू
त्याच्या पोटात बसवला.
पोटात? मी विचारलं.
चालतं, म्हणाले, रक्तात उतरल्याशी कारण.

तेविसाव्या दिवशी बरणीत ओले पंख.
ह्या जातीला उडता येत नाही.
खाताही येत नाही.
मोठं होणं म्हणजे पाच-सहा दिवस
एका जागी थरथरत राहणं.
मी वहीत लिहिलं: ३१, नर, निघाला.
आणि विचारलं, ह्याचं डोकं हिशेबात धरायचं का?
सर चष्मा पुसत होते.
ह्याचं राहू दे, म्हणाले.

बरणी मी खिडकीशी ठेवली.
त्या दिवशीचा आकडा नऊशे बारा,
आणि उशीर का झाला, ते रकान्यात लिहिलेलं नाही.