दुसरा गिअर

सत्तरीच्या पुढच्यांना तिकीट निम्मं.
नेलिदाने ओळखपत्र काढलंच नाही,
नुसती हनुवटी वर केली,
खिडकीतल्या पोरीने मानलं.
ऑगस्टचा वारा दारापर्यंत मागे लागून आलेला.
माझ्या काखेत गरम पाण्याचा थर्मास,
तिच्या हातात कडू येर्बा-चहाचा भोपळा.
मोंतेविदेओत माणूस म्युझियमलाही असाच जातो.

आत पॅकार्ड, हडसन, कुणा मंत्र्याची लांबलचक काळी.
मी सांगत सुटलो : सिलिंडर किती, साल कुठलं.
ती "हं" म्हणत होती,
भांडी विसळताना म्हणते तसं.

मग कोपऱ्यात ऑस्टिन, एकोणीसशे बावन्न.
आमची नव्हे. आमची केव्हाच भंगारात गेली.
पण तिची सख्खी बहीण,
दिव्यांचा तोच जरा दमलेला चेहरा;
फक्त रंग नको इतका चकचकीत,
लग्नात म्हातारीला लिपस्टिक लावावी तसा.

पहारेकरी एबेरने दोरीचा आकडा सोडला.
"बसायचंय? साहेब जेवायला गेलेत."
मी पाय उचलला.
तो तिला विचारत होता.

ती चाकामागे बसली.
जिला मी म्हणालो होतो, "तुला कशाला शिकायचंय? मी आहे ना."
क्लच दाबला. दांडा मागे ओढला
आणि उजव्या गुडघ्याने त्याला
हलकासा टेका दिला.

आता, आमच्या गाडीचा दुसरा गिअर
गुडघा लावल्याशिवाय पडत नसे.
हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.
तो माणूस दोरीपाशी थर्मास धरून उभा होता.

"नेलिदा."
"हं."
"तुला कसं ठाऊक?"

तिने आरशात बघून केस सारखे केले.
"तू मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला जायचास
कंपनीच्या बसने. गाडी अंगणात.
मंगळवारी न्यायचे. कधी गुरुवारी."
"कुठे?"
"कुठेच नाही. पाणी दिसेपर्यंत.
दिवे बंद करायचे, बसायचे. मग परत."

मी वही ठेवत असे. लिटर, तारीख, किलोमीटर.
पेट्रोल कमी भरायचं, आणि मी ठरवून टाकलं :
शेजारचा अमादेओ. रबरी नळीने ओढतो.
अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही.
त्याच्या लिंबाच्या फांद्या आमच्या भिंतीवर आल्या
त्या मी कापल्या, लिंबांसकट.
तो गेला तेव्हा फुलंसुद्धा नाही पाठवली.

"पाठवली होती," ती म्हणाली.
"पांढरी. तुझ्या नावाने.
त्याची बायको अजून आठवण काढते, किती चांगला माणूस तू."

एबेर कुठल्याशा बॉनेटवरची धूळ पुसू लागला,
जिथे धूळ नव्हती.

मला रागवायचं होतं. जागा शोधत होतो.
पेट्रोलवर रागवावं, तर ते जळून गेलेलं.
अमादेओवर रागवून झालं होतं.
तोंडातून निघालं ते एवढंच :
"आणि रिव्हर्स? अंगणात वळवायला जागा कुठे होती?"
"ढकलायचे," ती म्हणाली. "गल्लीला उतार होता.
आवाज नको म्हणून."

ती एकटी, रात्री, नऊशे किलोंना खांदा लावून.
आणि मी तिला डब्याची झाकणं उघडून देत आलो.

बाहेर आलो. भोपळा भरून तिने आधी मला दिला.
पाणी कोमट झालं होतं.
एकशे एकवीस नंबरची बस आली,
ती खिडकीशी, मी कडेला.
"कधी बंद केलंस?" मी विचारलं.
ती बाहेरची तपकिरी नदी बघत होती.
ड्रायव्हरने दुसरा टाकला
आणि तिचा गुडघा
जरासा हलला.