बॅटरी दाखवा

खलीलभाईचं दुकान घड्याळांचं,
पण सेलूत आता घड्याळ कोण दुरुस्त करतंय,
म्हणून काचेखाली बॅटऱ्या.
मी म्हणलं, सायकलला लावायचीय.
ते म्हणले, सायकल कोणती?
मी बोट केलं बाहेर:
निळी, लेडीज, पुढं जाळीची टोपली.
सत्वशीलेला आठवीत शाळेतून मिळालेली.
ती नांदेडला गेली नर्सिंगला,
सायकल माझ्याकडं आली
ऐन जिनिंगच्या रात्रपाळीत.
पाथरी रोडनं सात किलोमीटर,
जाताना अकरा, येताना तांबडं फुटायच्या आत.

पहिली लांबलचक, पोलिसी थाटाची.
"ये दो फर्लांग मारती."
दोन फर्लांगांवर मला काय काम?
तिथं बाभूळ आहे, माहीत आहे मला.
खड्डा असतो चाकापुढं चार हातांवर
अन् दर पावसाळ्यानंतर तो जागा बदलतो.

दुसरीला तीन बटनं,
एक दाबलं की लुकलुक, लुकलुक, वरातीतल्यासारखं.
समोरनं बैलगाडी आली तर
गाडीवान शिव्या देईल ते देईल,
बैल काय करतील त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तिसरी डोक्याला बांधायची.
बांधून पाह्यली. आरशात मी, कपाळाला पांढरं भोक.
जिकडं मान तिकडं उजेड,
म्हणजे तुरीत काही खसफसलं की रस्ता गायब.
माझी मान माझं ऐकत नाही. नगं.

भर दुपारी उजेड पारखायचा तरी कसा?
खलीलभाईनं शटर ओढलं.
आत आम्ही दोघं, बंद पडलेली घड्याळं
अन् कुठलं तरी एक चालू.
भिंतीवर एकेक गोल पडत गेला.
एकाच्या मधोमध काळा डाग,
एक दवाखान्यातल्या ट्यूबसारखा गार,
एक पिवळसर, कडा विरलेला,
चुलीपुढं कुणीतरी बसलंय असा.
ही, मी म्हणलं.
"ये तो सबसे सस्ती है भाई."
हलवून बघू द्या.
हलवली, विझली. तळहातावर आपटली, लागली.
त्यांनी झाकण काढलं, चिमट्यानं स्प्रिंग ओढली,
चांदीच्या कागदाची घडी खाली कोंबली.
पुन्हा हलवली. राह्यली.

शटर वर गेलं, ऊन आत आलं
अन् निवडलेला उजेड दिसेनासा झाला.

पैसे मोजता मोजता आठवली परवाची ट्रॉली.
उसानं भरलेली, रस्त्यातच उभी,
मागं ना दिवा ना रेडियम.
वाढ्यांचा वास आला म्हणून ब्रेक दाबला.
नाकानं वाचलो.
माझ्या मागून जो येईल त्याला माझी पाठच तेवढी,
अन् पाठीला वास नसतो.

खलीलभाई, लाल काही?
नव्हतं. ड्रॉवर उपसला,
किल्लीच्या जुडग्यातली बोटाएवढी बॅटरी निघाली,
तिच्यावर मिठाईच्या डब्याचा लाल कागद, रबर.
"इसके पैसे नक्को."

रात्री आधी टोपलीत ठेवून पाह्यली:
रस्त्यावर जाळीची सावली पळायला लागली,
कोंडून नेतंय कुणी असं वाटलं.
मग जुन्या ट्यूबची पट्टी कापून
खाली चिमट्याला आवळली.
उजेड खालून सरपटला की
खड्ड्याची सावली खड्ड्याच्या आधी दिसते,
हे सत्वशीलेला फोनवर सांगायला पाहिजे.
ती म्हणेल, बाबा, हेल्मेट घ्या.

गेटवर उद्धव फुलपगार म्हणला,
लांबून वाटलं कुणी कंदील घेऊन चालत येऊ लालं.
सरकीचा धुरळा त्या पिवळ्यात तरंगत होता.

पहाटे घरी आलो, पुढची बंद केली, झोपलो.
मागची विसरलो.
दुपारी उठून अंगणात गेलो,
ऊन असं की पत्र्याकडं बघवेना.
कॅरिअरखाली वाकून दोन्ही हातांचा आडोसा केला,
आत पाह्यलं.
होती.