एक रुपया

मार्चअखेर.
वांद्रे-कुर्ला संकुल, सातवा मजला,
काचेपलीकडे मिठीकाठची खारफुटी
आणि अलीकडे मी, चष्मा कपाळावर,
मेलेल्या कंपन्यांची किंमत लिहितोय.

रीत अशी, की शून्य लिहायचं नाही.
बुडाली, कुलूप लागलं, मुलं दुसरीकडे चिकटली,
तरी नाव सरकारदरबारी जिवंत असेतोवर
वहीत ठेवायचा
एक रुपया.

यंदा अकरा रुपये झाले.

मी मूळचा दादरच्या पतपेढीतला.
तिथे पिठाच्या गिरणीला चाळीस हजार द्यायचे
तर दोन जामीनदार, पगाराचा दाखला,
वर संचालकांपैकी कुणीतरी म्हणायचंच,
"माणूस बरा आहे, पण मेहुणा पितो."
इथे पहिल्याच दिवशी पाहिलं,
पायात स्लिपर घातलेला एक पोरगा
अजून न झालेल्या गिऱ्हाइकांबद्दल बोलत होता
आणि बेहराम साहेब एवढंच विचारत होते,
"बाजार केवढा?"
"मोठा."
दोन कोटी.
मेहुण्याचं कुणी काढलं नाही.

हिशेब सोपा आहे, साहेब सांगतात.
तीस लावायच्या. वीस जाणार, नऊ तग धरणार,
एक अशी फळेल की तिसांचं भरून निघेल.
कोणती, ते विचारायचं नाही.
ते कळतं तर फंड कशाला काढला असता, म्हणतात,
आणि स्वतःच आधी हसतात.

वही चाळताना बोट अडतं सतराव्या ओळीवर.
पाड अ‍ॅग्रीटेक प्रायव्हेट लिमिटेड.
अनुया शिवलकर, रत्नागिरीकडची.
काडेपेटीएवढं यंत्र. आंब्याच्या पेटीत ठेवायचं,
ते वास घेणार आणि फोनवर सांगणार,
उद्या पिकेल, परवा, की आतून साका धरलाय.
मीटिंगला येताना तिने पेटीच आणली, गवतासकट.
तीन दिवस एसीतून वास जाईना.
साहेबांनी चार कोटींवर सही केली,
मी घरी दोन फळं नेली.

यंत्र खोटं नव्हतं.
हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं,
वहीत तसा रकाना नाही.
वाशीच्या मार्केटात व्यापारी फळ उचलायचा,
देठाशी नाक न्यायचा,
"हे मला फुकट कळतं, ताई."
पुढच्या हप्त्याच्या वेळी साहेब मऊ आवाजात म्हणाले,
"अढीत एक नासलं तर काढावंच लागतं."
तिने मान डोलावली.
अढी तिला शिकवायला नको होती.

ऑडिटची मुलगी म्हणते, काका,
अकरा रुपयांचं काय घेऊन बसलात, शून्य करून टाका,
रिपोर्टात कोटीच्या खालचं दिसतच नाही.
बरोबर आहे तिचं.

काल रात्री भाचीच्या लग्नाचं पाकीट भरत होतो.
पाचशेची नोट आत सरकवली
आणि वर चिकटवलेलं नाणं
नखाने चाचपून पाहिलं, निघालं तर नाही ना.
आई म्हणायची, पुरी रक्कम देऊ नये,
पुरी म्हणजे पुरली.
वरचा रुपया म्हणजे येणं-जाणं चालू.

हे ऑडिटला कसं सांगणार?
म्हटलं, कंपनी अजून रजिस्टरातून निघालेली नाही, राहू दे.
कायद्यानेही तेच बरोबर.

अनुया हल्ली वाशीलाच असते,
एका कोल्ड स्टोरेजात, पगारावर.
परवा तिच्या यंत्रांचे उरलेले खोके न्यायला आली,
जाता जाता माझ्या टेबलाशी थांबली.
"काका, आमचं काय लावलंत यंदा?"
मी आकडा सांगितला.
जरा वेळ खारफुटीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "एवढ्यात तर मीच घेते विकत,"
आणि खोके खाली ठेवून
खरंच पर्स धुंडाळू लागली.
चावी निघाली, औषधाची पट्टी, पार्किंगची पावती.
सुटा रुपया काही निघेना.

"राहू दे," मी म्हटलं,
"पुढच्या वेळी येताना आण."