मागील तारखेपासून

शनिवारी रात्री नऊनंतर माझ्या दवाखान्याची पाटी उलटी होते.
शीतलादेवीची गल्ली, पहिला मजला, माहीम.
खुर्ची भिंतीला, मधे टेबल, वर दातांचा दिवा,
आणि पेशंटांचे प्लॅस्टरचे जबडे झाले डोंगरकडे.
मिसेस कारखानीसांच्या खालच्या दाढांतून
गेल्या महिन्यात आमचं सैन्य उतरलं.

ग्रेगरीने नवी आवृत्ती आणली. चार हजार दोनशे रुपये.
खाकी कव्हर, कव्हरवर लेबल, लेबलवर नाव,
जणू सातवीचा भूगोल.
पान एकशे सत्त्याऐंशी त्याने मोठ्याने वाचलं:
पडलेला आता मरणार नाही.
तीन फासे रद्द.
एक व्रण घ्यावा आणि पहाटे उठावं.

"म्हणजे सगळेच कच्चे लिंबू," त्याने पुस्तक मिटलं.
"राज्य कुणावर येणारच नाही.
मग पुलावर पाय ठेवताना मला घाम का फुटावा?"
यज्ञेश एकोणीसचा. "घाम ऑफिसात फुटतोच की,
आर्टिकलशिप आहे माझी.
शनिवारी तरी मला उठू दे."
एक टप्पा आऊटपासून टाइमप्लीजपर्यंत
सगळे जुने खटले पुन्हा उघडले,
खारी बिस्किटं संपली.

दिगंबर मोरजकर उपनिबंधकांच्या कार्यालयात.
सोसायट्यांची भांडणं तो डब्यासोबत उघडतो.
तो चष्मा पुसून उभा राहिला
(आमच्यात कुणी उभं राहत नाही):
"दुरुस्ती मान्य. पण अंमल कधीपासून?
आजपासून, की मागील तारखेपासून?"

मग फक्त कॉम्प्रेसरचा आवाज.

तारकी दिवटीवाली. शलाकाची.
दोन वर्षांपूर्वी, झुलता पूल, बाकीचे पार झालेले,
मागून उजेड दाखवत ती शेवटची निघाली.
पहिला फासा चार. दुसरा सात. तिसरा दोन.
तिन्ही मी पडद्याआड टाकले, जुना नियम तसाच होता.
त्यानंतर दोन शनिवार शलाका आली नाही.
आली ती भिकोबाला घेऊन, दारुडा व्यापारी,
उधारीवर तलवार चालवणारा.

सूचक दिगंबर, अनुमोदक यज्ञेश:
तारकी हयात धरावी.

शलाका शेंगदाण्याची सालं काढत होती.
"नको," म्हणाली.
"ती गेली तेव्हा तुम्ही उठून उभे राहिला होतात.
ग्रेगरीने हा वरचा दिवा बंद केला होता,
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
तिला उठवाल. तो अंधार कुणाच्या खात्यावर टाकाल?"
दोन दाणे तोंडात टाकून मग:
"भिकोबाला मात्र नवा नियम लावा.
तो रोजच पडतो."

यज्ञेश हसला. ग्रेगरीने दिव्याकडे पाहिलं.

मला कुणी विचारलं नाही.
माझा पडदा म्हणजे टूथपेस्टच्या जाहिरातीचा पुठ्ठा,
आतून कोरा.
नऊ वर्षं या पुठ्ठ्यामागे
ग्रेगरीचा तीन मी चौदा वाचला,
दिगंबरचा एक, अठरा,
यज्ञेशचा तर गेल्याच शनिवारी.
पान एकशे सत्त्याऐंशी माझ्याकडे छापण्याआधीच लागू होतं.
फक्त त्या एका रात्री,
दिवसभरात सहा रूट कॅनाल झाले होते, मान धरली होती,
मी जे दिसलं ते वाचलं.

हे सांगायला तोंड उघडलं
आणि दुसऱ्यांना सांगते तसं स्वतःलाच म्हटलं:
आता बंद करा.

दिगंबरने वहीत ठराव लिहिला: अंमल आजपासून.
सगळ्यांच्या सह्या. ग्रेगरीची, खाली "निषेधासह".
मी सही केली, पुठ्ठ्याची घडी घातली,
कडे उचलून ट्रेमध्ये ठेवले.
मिसेस कारखानीस सोमवारी साडेदहाला येतील.
त्यांच्या मागच्या दाढेत
शेंगदाण्याचं एक साल अडकलं होतं.
ते मी चिमट्याने काढलं.