एकास शंभर

पहिल्याच दिवशी बोढे सर म्हणाले, फाटकाजवळचा निंब मोजून आण.
टेप घेऊन गेले. घेर दोन मीटर.
एकास शंभरने कागदावर दोन सेंटिमीटर,
रुपयाएवढं वर्तुळ.
त्यांनी खोडलं.
'हा आजचा झाला. बाग आजची नसते.
वीस वर्षांनंतरचा काढ.'
मग बशी ठेवून काढला.
शेजारची पायरी, पाण्याची टाकी, सरांची मोटरसायकल
सगळं त्या बशीखाली गेलं.

बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसात आमचा वर्ग.
नऊ जण. पंख्याला अजून कापूस चिकटलेला.
सरकी ठेवायच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर,
आणि मे महिन्यात घामाचा एक थेंब पडला
की अख्खी शीट पुन्हा.

वरुडच्या बसमध्ये सुगंधा उईके लॅटिन नावं घोकते.
ब्यूटिया मोनोस्पर्मा, ब्यूटिया मोनोस्पर्मा,
खिडकीबाहेर पळस मागं पळतात,
त्यांना पत्ताच नाही.

बाबा जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात.
थंडीत दिवसाला तीनशे.
त्यांना पट्टी लागत नाही. जमिनीपासून वीतभर वर,
साल उकलायची, डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची,
तेवढ्यात माझी पेन्सिल टोकदारही होत नाही.
माझी शीट त्यांनी एकदा उलटी धरून पाहिली.
'कागदावरच्या बागेले पानी कोन देते वं?'

काळ्या मातीचं मात्र सरांनी नीट शिकवलं.
उन्हाळ्यात ती तोंड उघडते, पावसात फुगते,
वर घातलेली फरशी उचलून फेकते.
तिच्याशी भांडू नका. खाली मुरूम घाला,
सांधे उघडे ठेवा, तिला श्वास घेऊ द्या.
पाणी भरलेली नळी घेऊन मी आणि सुगंधा
आवाराच्या दोन टोकांना उभ्या:
'वर घे.' 'किती?' 'बोटभर.'
सपाट दिसणारी जागा एवढी उतरती असते
हे त्या नळीनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

परीक्षेला पिंपळखुट्याचं आरोग्य उपकेंद्र मिळालं.
मी गुरुवारी गेले, लसीच्या दिवशी.
नऊला, एकला, चारला
सावलीच्या कडेनं चुन्याची रेघ ओढली.
रांग रेघेबरोबर सरकत होती.
आशाताई बाक ओढत होत्या, बाकामागं पोरं.
सातव्या महिन्यातली एक बाई
उठताना भिंत शोधत होती.

म्हणून माझ्या बागेत आठ निंब, चारच्या सावलीसाठी.
बाकाला दोन्हीकडून हात.
नळाच्या सांडपाण्यावर केळी.
विहिरीकडं जाणारी तिरपी पायवाट आहे तिथेच,
कारण ती आधीच कुणीतरी डिझाइन केली होती.

नागपूरहून आलेल्या परीक्षक मॅडमनी चष्मा वर केला.
'लॉन कुठंय?'
'नाही.'
'मग फोकल पॉइंट?'
मी म्हटलं, रांग.
बासष्ट मार्क.

पहिलं काम हायवेवरच्या फार्महाउसचं.
मालकांना फाटकाशी दोन बॉटल पाम हवेत
आणि सिमेंटचं हरीण. चालेल.
रात्री प्लॅन काढायला बसले,
सवयीनं वीस वर्षांनंतरचा पाम काढला.
आजच्याएवढाच आला.
खोडून पाहिलं, पुन्हा तेवढाच.
तेवढ्या सावलीत हरीण काय,
त्याचं कानसुद्धा मावत नाही.

फार्महाउसचे पैसे आले त्या आठवड्यात
पिंपळखुट्याची शीट घेऊन नर्सरीत गेले.
बाबांनी यावेळी सरळ धरली.
अंगठा एकेका बशीवर ठेवत मोजलं: आठ.
मग आत जाऊन काळ्या पिशव्या उचलून आणल्या,
प्रत्येकीत वीतभर काडी आणि मोजकी पानं.
'वीसच्या भावानं एकशे साठ.'
'घरच्यांनाही?'
'तू आता घरची कायची, तू तं गिऱ्हाइक.'
पैसे मोजून घेतले. दोनदा.
आणि ऑटोत पिशव्या ठेवताना
प्रत्येक काडी अशी फिरवली
की तिचा वाकडा भाग
भिंतीकडं राहील.